न वाजलेला फोन

सन्माननीय अध्यक्ष आणि आमचे दिग्दर्शक, व्यासपीठावरील विश्वस्त मंडळाचे मान्यवर सदस्य, माझे सहकलाकार, पडद्यामागे राबणारे आमचे सुतार, दिवेवाले आणि कपडेपटवाल्या भगिनी, समोर बसलेले रसिकहो, तिसऱ्या रांगेत कडेला बसलेले बाईंचे यजमान, आणि एकतीस वर्षं अंधारात उभं राहून आज नाइलाजाने उजेडात बसलेल्या आमच्या रंगमंच व्यवस्थापक बाई, आपणा सर्वांना माझा सविनय नमस्कार.

मला बोलायला पंधरा मिनिटं मिळाली आहेत. ती कुणी दिली, हे सांगायला नकोच. आपल्याच निरोप समारंभाचा कार्यक्रम आखणारी, माइक तपासणारी आणि अध्यक्षांच्या खुर्चीचा डुगडुगता पाय सकाळी सुताराकडून ठोकून घेणारी सत्कारमूर्ती मी तरी दुसरी पाहिलेली नाही. अध्यक्ष महाराज, निश्चिंत बसावं. खुर्ची पक्की आहे.

परवा आमच्या शेजाऱ्यांनी मला विचारलं, "हे रंगमंच व्यवस्थापक नेमकं करतात तरी काय हो?" मी म्हटलं, "नाटक नीट झालं तर काही नाही." ते हसले, पण मी थट्टा करत नव्हतो. या एकशे चाळीस खुर्च्यांच्या थिएटरात (इथे पूर्वी बर्फाचा कारखाना होता, आणि थंडीच्या दिवसांत अजूनही तो आहेच) पडदा वर जातो, दिवा लागतो, दार उघडतं, कपात चहा असतो, पिस्तूल खणात सापडतं. प्रेक्षकांना वाटतं, हे आपोआप होतं. आपोआप काय होतं हो या जगात? डाव्या विंगेत एका उंच स्टुलापाशी एक बाई उभी असते, समोर संहिता, कानाला हेडफोन, आणि तिने "आता" म्हटल्याशिवाय इथे सूर्यही उगवत नाही.

बाईंची आणि माझी पहिली भेट काही फार गोड नव्हती. मी मोठमोठ्या रंगमंचांवर कामं करून इथे आलो होतो, आणि आपण या मंडळींवर उपकार करायला आलो आहोत, अशी माझी अगदी प्रामाणिक समजूत होती. पहिल्या तालमीला दारातच एक सडपातळ बाई उभ्या. पायात रबरी तळव्यांचे बूट, गळ्यात दोरीला बांधलेली पेन्सिल, हातात नोंदवही.

"सात मिनिटं उशीर," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "रस्त्यात गर्दी होती."

त्यांनी लिहून घेतलं. मी डोकावून पाहिलं, तर खरंच लिहिलं होतं: 'सात मिनिटं. रस्त्यात गर्दी.' दुसऱ्या दिवशी मी चार मिनिटं उशिरा पोचलो. त्यांनी पेन्सिल टेकवली आणि अत्यंत आदराने विचारलं, "आज काय लिहू?" तेव्हापासून मी वीस मिनिटं आधी येऊ लागलो. आम्ही नटमंडळी त्यांना पाठीमागे 'फौजदार' म्हणायचो. पाठीमागे म्हणजे, आमच्या समजुतीने पाठीमागे.

एकदा मी तक्रार केली की दुसऱ्या अंकातला चहा रोज थंडगार असतो, तोंडात धरवत नाही. बाई म्हणाल्या, "तुम्ही तो एक घोट पिता. उरलेला पुढच्या पानावर डॉक्टरच्या अंगावर फेकता. चहा त्यांच्या बेताने करते मी, तुमच्या नाही." डॉक्टरचं काम करणारे आमचे मित्र शेजारीच उभे होते. त्यांनी बाईंना हात जोडले.

आता जी गोष्ट सांगणार आहे ती इथे चार-पाच जणांनाच पुरती ठाऊक आहे. बाईंनी ती कधी कुठे सांगितली नाही, कारण ती माझी होती. बाई, अशी मान हलवू नका. माइक आज माझ्या हातात आहे.

नऊ वर्षांपूर्वीची ही हकिगत. मी बासष्ट वर्षांचा होतो. आमच्या या अध्यक्षमहोदयांनीच बसवलेलं नाटक होतं, एका निवृत्त न्यायाधीशाचं आणि त्याच्या मुलीचं. न्यायाधीश मी. मुलीचं काम करणारी अभिनेत्री आज पहिल्या रांगेत बसली आहे. नाटक उत्तम चाललं होतं आणि मला ऐकू येईनासं झालं होतं.

एकदम नव्हे. आधी पक्ष्यांचा आवाज गेला, मग दारावरची घंटा, मग बायकांचे आवाज. घरी आमचा टीव्ही इतका वाढला की वरच्या मजल्यावरच्या आजी खाली येऊन आमच्या हिला म्हणाल्या, "तुमच्यावरच आमच्या बातम्या भागतात. आम्ही आमचा टीव्ही लावतच नाही हल्ली." हिने मला धरून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी यंत्र दिलं. मी ते पायमोज्यात घालून कपाटाच्या खणात ठेवून दिलं. ही म्हणाली, "अहो, मोज्याला ऐकू येऊन काय उपयोग?"

पण मला सांगा, कानाला यंत्र लावलेल्या नटाला कोण बोलावणार? मी असाच विचार करत होतो. कोणाला काही सांगितलं नाही. मी सगळ्यांची वाक्यं पाठ केली. ओठ बघायला शिकलो. आणि जिथे ओठ दिसत नाहीत तिथे मोजायला लागलो. नाटकात एक फोन वाजतो. मुलगी कपाटात तीन पुस्तकं ठेवते, तिसरं ठेवलं की फोन वाजतो, चार अंक मोजायचे, उठायचं, रिसीव्हर उचलायचा आणि म्हणायचं, "किती वेळ वाजतोय हा! कुणी उचलत का नाही?" वीस प्रयोग असे निभावले. मला माझ्याच हुशारीचं मोठं कौतुक वाटत होतं.

एकविसाव्या प्रयोगाला ध्वनियंत्र बंद पडलं. फोन वाजलाच नाही.

मुलीने तिसरं पुस्तक ठेवलं. मी चार मोजले, उठलो, भर शांततेत रिसीव्हर उचलला आणि कपाळाला आठ्या घालून म्हणालो, "किती वेळ वाजतोय हा! कुणी उचलत का नाही?"

प्रेक्षागृह हसलं. तो नाटकातला सगळ्यात गंभीर प्रसंग होता. लोक का हसले ते मला कळलं नाही, कारण लोक हसले हेच मला कळलं नाही.

प्रयोग संपल्यावर मी मेकअप उतरवत होतो. आरशात बाई दिसल्या. त्या मुद्दाम माझ्या समोर येऊन उभ्या राहिल्या, तोंडावर उजेड पडेल अशा बेताने. म्हणाल्या, "आज फोन वाजला नाही."

मी नट. एका क्षणात म्हणालो, "म्हणून तर उचलला! मी प्रसंग सावरून घेतला."

"सावरणारा माणूस आधी विंगेकडे बघतो," बाई म्हणाल्या. "आणि 'किती वेळ वाजतोय' असं म्हणत नाही. किती ऐकू येतं तुम्हाला?"

यावर मी जे बोललो ते आज या माइकवरून सांगायला जीभ रेटत नाही, पण सांगतो. मी म्हणालो, "खुर्च्या उचलणाऱ्यांनी अभिनयावर बोलू नये."

बाईंचा चेहरा हलला नाही. एवढंच म्हणाल्या, "तुम्ही न बघता बसता ना, तेव्हा खुर्ची तिथे असते." आणि गेल्या.

पुढच्या प्रयोगाला माझ्या आरशात एक चिठ्ठी खोचलेली. 'फोन वाजला की लाल. दारावर थाप पडली की निळा. मुलीने आतून हाक मारली की दोन्ही.' मी रंगमंचावर जाऊन पाहिलं. न्यायाधीशाच्या कपाटात, कायद्याच्या दोन जाड पुस्तकांच्या फटीत, वाटाण्याएवढे दोन दिवे बसवले होते. प्रेक्षकांतून दिसणार नाहीत, मुलीलाही दिसणार नाहीत, फक्त माझ्या खुर्चीतून दिसतील असे. बटणं विंगेत, बाईंच्या हाताशी. त्या सकाळी सातला येऊन एकट्याने तारा ओढून गेल्या होत्या, हे मला पुष्कळ दिवसांनी सुतारांकडून कळलं.

मी आभार मानले का? नाही मानले. मला फक्त सुटल्यासारखं वाटलं. त्यानंतर सलग अकरा प्रयोग मी असे केले की एका वृत्तपत्राने 'न्यायाधीशाचं ते कान देऊन ऐकणं' असं माझं खास कौतुक छापलं. मी ते कात्रण घरी नेलं. हिने वाचलं आणि खणातला मोजा माझ्यासमोर आणून ठेवला.

इथवर तुम्हाला ही गमतीची गोष्ट वाटत असेल. मलाही तशीच वाटत होती.

एका गुरुवारी दुपारी वर टांगलेला दिव्यांचा लोखंडी पाइप खाली घ्यायचा होता. वर दोन जण दोर सांभाळत होते. मी मागच्या बाजूला पाठमोरा उभा राहून वाक्यं घोकत होतो. एक दोर निसटला. बाई ओरडल्या, "मागे व्हा!" सगळे मागे झाले. मी उभाच.

माझ्या पाठीत कुणीतरी जोरात आदळलं, आणि मी कपाटावर जाऊन पडलो. रागाने वळून पाहिलं, तर मी उभा होतो तिथे तो पाइप पडलेला, सगळीकडे काचा, आणि त्याच्या पलीकडे आमची ही मुलगी मनगट धरून जमिनीवर बसलेली. तिने धावत येऊन मला ढकललं होतं. मनगटाचं हाड मोडलं होतं.

डॉक्टर आले, पट्टी झाली. मी मेकअप रूममध्ये जाऊन बसलो. बाई आल्या, समोर बसल्या. मला वाटलं, आता माझी हजेरी घेणार. बाई म्हणाल्या, "चूक माझी आहे."

"तुमची? दोर निसटला, बाई."

"दोर निसटतात. म्हणून तर आपण ओरडतो. रंगमंचावरच्या एका माणसाला माझं ओरडणं ऐकू जाणार नाही हे मला ठाऊक होतं, आणि तो उभा असताना मी पाइप उतरवू दिला. प्रेक्षकांपासून लपवणं हे माझं कामच आहे. सोबतच्या माणसांपासून लपवायला नको होतं." मग त्यांनी वही उघडली. "आजच्या नोंदीत मी हे सगळं लिहिणार आहे. माझंसुद्धा."

मी अक्षरशः हात जोडले. "लिहू नका. माझं सगळं संपेल."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "मग मी लिहायच्या आधी तुम्ही सांगा. सगळे नाटकाच्या सामानाच्या टेबलापाशी आहेत. मी थांबते."

मित्रहो, मेकअप रूमच्या दारापासून त्या टेबलापर्यंत बारा पावलं आहेत. चाळीस वर्षांत मी इतकी अवघड एन्ट्री घेतली नव्हती. मी सांगितलं. कान, मोजणी, दिवे, मोजा, सगळं. मग हात गळ्यात बांधलेली ही मुलगी रडायला लागली. मला वाटलं, वेदनेने. ती उठून माझ्या अगदी समोर आली आणि म्हणाली, "मला वाटायचं, तुम्हाला मी आवडत नाही. मी पाठीमागून हाक मारायचे, तुम्ही कधी वळायचा नाहीत. मला वाटायचं, मोठे नट आहेत, नसतील बोलत आपल्याशी."

पाच महिने ती माझी मुलगी होती, आणि पाच महिने तिला हे वाटत होतं. माझ्या लपवाछपवीची झळ फक्त मलाच बसते, असा माझा हिशेब होता. तो किती चुकला होता ते मला त्या टेबलापाशी कळलं.

अध्यक्ष महाराज, आता आपली क्षमा मागून पुढचं सांगतो. आपण त्या दिवशी म्हणालात, "यांना बदलावं लागेल. उद्या काही झालं तर जबाबदार मी." आपलं काही चुकलं नव्हतं. आपल्या जागी मी असतो तर तेच म्हणालो असतो. बाई म्हणाल्या, "सर, पुढचा प्रयोग सोमवारी आहे. मला रविवारपर्यंत वेळ द्या. रविवारी बघा आणि मग ठरवा."

त्यांनी काय केलं असेल? शुक्रवारी सकाळी त्यांनी कानांत कापूस घातला, त्यावर मेण लावलं, वरून टोपी घट्ट बांधली आणि माझ्या जागी उभ्या राहिल्या. आख्खं नाटक न्यायाधीश म्हणून करून बघितलं. वाण्याची यादी वाचावी तशा सपाट आवाजात त्या माझे भावनेने ओथंबलेले संवाद म्हणत होत्या, आणि जिथे काही कळलं नाही तिथे हात वर करून थांबत होत्या. शेजारी उभं राहून दुसरं कुणीतरी लिहून घेत होतं. "किती वेळ वाजतोय हा," हे वाक्य त्यांनी म्हटलं तेव्हा कुणाला हसू आलं नाही. दोनदा त्या दारावर आपटल्या. एकदा पायरी चुकली आणि गुडघा फुटला. संध्याकाळी टोपी काढली तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मला म्हणाल्या, "तुम्ही हे रोज करत होता?" एवढंच. मला भडभडून आलं. मी तेव्हा त्यांची त्या खुर्चीच्या वाक्याबद्दल माफी मागितली. त्या म्हणाल्या, "ते नोंदवहीत नाही."

शनिवारी त्यांनी सगळ्यांना नियम घालून दिले. काहीही हलवायच्या आधी माझ्या नजरेसमोर यायचं आणि हात वर करायचा. मी हात वर केल्याशिवाय वरचा दोर सोडायचा नाही. चारही भिंतींवर एक-एक पिवळा दिवा. तो लागला की ज्याने त्याने आहे तिथून मधल्या खुणेवर यायचं. आणि तो मोजा मी स्वतः घरून आणला. रविवारी अध्यक्षांनी सगळं पाहिलं, तीनदा पाइप उतरवायला लावला, आणि शेवटी मला जवळ बोलावून, ओठ दिसतील असं सावकाश म्हणाले, "उद्या वेळेवर या." सोमवारी आमची मुलगी गळ्यात हात बांधूनच उभी राहिली. तिच्या मनगटासाठी नाटकात एक वाक्य वाढवलं, आणि ते इतकं शोभलं की हाड जुळल्यावरही काढलं नाही.

विश्वस्त मंडळाने बाईंना लेखी ताकीद दिली. त्यांनी ती वाचली, सही केली आणि त्या दिवसाच्या नोंदीला स्वतःच्या हाताने टाचून ठेवली. कुणाला दाखवली नाही, कुणापाशी कुरकुर केली नाही. त्या नाटकाचे पुढे आणखी शहाऐंशी प्रयोग झाले, आणि त्यानंतर मी इथे चार नाटकं केली. यंत्र कानाला आणि दिवे भिंतीवर. ते हात वर करण्याचं आता इतकं अंगवळणी पडलंय की नवे लोक समजतात, सगळ्याच थिएटरांत असं करतात. गेल्या नऊ वर्षांत या रंगमंचावर कुणाला साधं खरचटलेलं नाही. बाई, बोटं कशाला मोडताय? मी लाकडाला हात लावूनच बोलतोय.

बाईंच्या यजमानांनी मघाशी मला सांगितलं की एकतीस वर्षांत त्यांनी एकही नाटक बायकोच्या शेजारी बसून पाहिलेलं नाही. विश्वस्तांनी आता तिसऱ्या रांगेतल्या दोन खुर्च्या कायमच्या त्यांच्या नावे केल्या आहेत. मला काळजी वाटते ती यजमानांची. पहिला दिवा अर्ध्या क्षणाने उशिरा लागला की त्यांच्या दंडाला कोण चिमटा काढेल ते मला दिसतंय.

एक शेवटची गोष्ट सांगतो. गेल्या रविवारी दुपारी बाईंचा शेवटचा प्रयोग झाला. मी आता काम करत नाही, पण मी त्यांना विचारलं, विंगेत बसू का? म्हणाल्या, "बसा. बोलायचं नाही." मी बसलो. नाटक काही मी पाहिलं नाही, मी बाईंकडे बघत होतो. इतकी वर्षं मी त्यांच्यासमोर उजेडात उभा राहिलो, पण त्या अंधारात काय करतात ते कधी पाहिलंच नव्हतं. सबंध दोन तास त्या बसल्या नाहीत. सगळ्यांची वाक्यं ओठांतल्या ओठांत म्हणत होत्या. शेवटचं वाक्य झालं, त्यांनी "पडदा" म्हटलं, पडदा पडला. नट वाकले, पुन्हा पडदा पडला. मला वाटलं, आता या वही मिटतील, डोळे पुसतील. शेवटचाच प्रयोग होता ना?

त्यांनी हेडफोन काढला आणि विंगेतून बाहेर येणाऱ्या प्रत्येकाकडे बघत राहिल्या. मला ओठ वाचता येतात, म्हणून मला कळलं. त्या मोजत होत्या. एक. दोन. तीन. आजोबांचं काम करणारे नट जिन्यावरून हळूहळू उतरत होते, त्यांच्यासाठी थांबल्या. चार. वरून दोराचे दोघे उतरले. पाच, सहा. मग वहीवर हात ठेवून, कुणालाही ऐकू जाणार नाही असं म्हणाल्या, "आले सगळे."

मी नंतर सुतारांना विचारलं. ते म्हणाले, "रोज बघतो आम्ही त्यांना तिथे उभ्या. वाटायचं, काहीतरी पुटपुटतात." म्हणजे त्या न वाजलेल्या फोनच्या दिवशीही, मी त्यांना नको ते बोललो त्याच्या काही मिनिटं आधी, मी त्यांच्यासमोरून गेलो होतो आणि त्यांनी मला मोजलं होतं.

बाई, आमच्या सगळ्यांच्या वतीने, आम्हाला मोजल्याबद्दल तुमचे आभार.

विश्वस्त मंडळाने मला बोलायची संधी दिली, अध्यक्षांनी जुन्या गोष्टी उघड्यावर आणू दिल्या, आमच्या मुलीने ते मनगट मला आठवण म्हणून कधी दाखवलं नाही, आणि आपण सर्वांनी एका म्हाताऱ्याला मध्येच खाली बसवलं नाही, याबद्दल मी ऋणी आहे. कुणाचा उल्लेख राहिला असेल, कुठे तोल सुटला असेल, तर तो विसर माझ्या वयाच्या खाती टाकावा. आणि माझा आवाज फार चढला असेल तर उदार मनाने सोडून द्यावं. मला तो तितकासा कळत नाही. तुमच्या टाळ्याही मला पुरत्या ऐकू येणार नाहीत. पण आज त्या माझ्यासाठी नाहीतच. त्या बाईंकडे बघून वाजवा, आणि जरा हात वर करून वाजवा, म्हणजे मलाही दिसतील.

नमस्कार.